पोहोचल्याची रिंग

१

त्या घरात पोहोचल्याची रिंग द्यायची पद्धत पंचवीस वर्षांची होती. बाबा लांब पल्ल्याच्या बसचे ड्रायव्हर. शेवटच्या थांब्यावर गाडी लावली की डेपोतल्या फोनवरून घरी एक रिंग द्यायची आणि ठेवून द्यायचा. डेपोचे साहेब फोनवर गप्पा मारू देत नसत, आणि बाबांनाही गप्पांची आवड बेताचीच. आई तो फोन उचलायची नाही. उचलायचा नाही, हाच नियम. ती उलट एक रिंग द्यायची, म्हणजे कळलं, आता निवांत पडा. मग "चला, सगळे पोहोचले" असं म्हणून ती दाराला कडी लावायची. घरातलं एक जरी माणूस वाटेवर असलं तरी कडी लागत नसे, दार नुसतं लोटलेलं असे. पुढे खिशाखिशात मोबाइल आले, पण रिंग काही सुटली नाही. उलट तिचे पोटनियम तयार झाले. मधल्या थांब्यावरून रिंग द्यायची नाही. बॅग खाली टेकवल्याशिवाय द्यायची नाही.

एकुलत्या एका मुलीला बाबा चेकर म्हणायचे. बस मध्येच थांबवून तिकिटं तपासायला चढतो, तो चेकर. कुठलीही वस्तू हातात आली की ती उलटीपालटी करून बघितल्याशिवाय या मुलीला चैन पडायचं नाही. घरातलं घड्याळ तिने दोनदा उघडलं होतं आणि एकदाच नीट बंद केलं होतं. पुढे याच खोडीचं तिने शिक्षण करून टाकलं. जुने नकाशे, फाटके दस्तऐवज दुरुस्त करून जपायचं शास्त्र. परदेशातल्या एका विद्यापीठात ते फार चांगलं शिकवत आणि वर्षाला फक्त आठ जणांना घेत. तीन वर्षं अर्ज करून तिसऱ्या खेपेला तिचा नंबर लागला, तेव्हा बाबांनी डेपोत सगळ्यांना चहा पाजला होता.

जड सामानाची ट्रंक तीन आठवडे आधी मालवाहू विमानाने पुढे पाठवली. त्यात पुस्तकं, कपडे, ब्रश आणि आईने शिवलेले बारा मास्क होते. साथीच्या बातम्या तेव्हा नुकत्याच सुरू झाल्या होत्या. आई शिवणकाम करायची. जुन्या पडद्याचं पानापानांचं कापड उरलं होतं, त्याचे तिने मास्क केले आणि प्रत्येकाच्या डाव्या बंदाला एक गाठ मारली, कारण चेकरचा डावा कान किंचित खाली आहे. विद्यापीठाने तिकडचं सिमकार्डही टपालाने पाठवलं होतं. ते हरवू नये म्हणून चेकरने एका जुन्या हँडसेटमध्ये घातलं, हँडसेट बंद केला आणि ट्रंकेत टाकला. आईने तो नंबर आपल्या फोनमध्ये 'चेकर तिकडची' या नावाने ठेवला.

ट्रंक गेली. मग सीमा बंद झाल्या. विमानतळावर रांगेत उभी असतानाच चेकरचं उड्डाण रद्द झालं, आणि ती बाबांच्या मित्राच्या गाडीतून रडत घरी परत आली.

२

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आईच्या शिलाई मशीनसमोर बसून तयार मास्कचे दोरे कापत होती. बसगाड्या बंद, त्यामुळे बाबा घरीच, खिडकीपाशी पेपर वाचत. आईचा फोन मशीनच्या फळीवर पडला होता. चार वाजून चाळीस मिनिटांनी तो एकदा वाजला आणि थांबला.

आईचा पाय मशीनवर, नजर सुईवर. तिने हात लांब केला, न बघता त्याच नंबरला उलट एक रिंग दिली, फोन खाली ठेवला आणि म्हणाली, "पोहोचली गं बाई एकदाची. चला, सगळे पोहोचले."

आणि उठून दाराला कडी लावून आली.

परत बसल्यावर तिचं लक्ष समोर गेलं. समोर चेकर बसली होती, हातात कात्री. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग आईला हसू फुटलं, ते आवरेचना. बाबांनीही पेपर खाली केला.

"कोण पोहोचलं म्हणे?"

"अहो, हीच. सवयच मेली अशी. कुणाची रिंग आली देव जाणे."

चेकरने फोन हातात घेतला. 'चेकर तिकडची' असं नाव दिसत होतं.

तिने मनातल्या मनात हिशेब केला. विमान वेळेवर सुटलं असतं, उतरल्यावर तासभर तपासणीत गेला असता, मग गाडीने वसतिगृह. बरोबर याच सुमाराला ती खोलीत बॅग टेकवत असती. तिला जरा गंमतच वाटली. ट्रंक कुणीतरी उघडली असणार, फोन हाताला लागला असणार, चालू करून बघितला असणार. चोरही मोठा शिस्तीचा दिसतो, ती म्हणाली, एकच रिंग देतो. तिघंही पुन्हा हसले. कडी मात्र लागलेलीच राहिली. बाबांना संध्याकाळी दूध आणायला जाताना ती काढावी लागली.

३

आठवड्याने वसतिगृहाच्या व्यवस्थापक बाईंचं पत्र ईमेलने आलं. खोली क्रमांक तीनशे बाराची किल्ली घेतल्याची सही मिळाली, ट्रंकही खोलीत पोहोचवली, आपला मुक्काम सुखाचा होवो. चेकरने उलट लिहिलं, की मी अजून माझ्या घरीच आहे, काहीतरी घोटाळा झालेला दिसतो. बाईंचं उत्तर आलं, या गडबडीत नोंदी मागेपुढे होतात, बघून घेते, काळजी नसावी. चेकरने काळजी केली नाही. तिला फक्त ती सही बघायची होती. ती काही कुणी पाठवली नाही.

वर्ग पडद्यावर सुरू झाले. इकडच्या पहाटे साडेपाचला तास असायचा. आठांपैकी चार जण सीमा बंद व्हायच्या आधीच तिकडे पोहोचले होते. त्यांना प्रयोगशाळेत लांब लांब बसून काम करायची परवानगी होती. बाकीचे चार आपापल्या घरून बघत. पोहोचलेल्यांमध्ये एक मुलगी होती, केसांच्या अंबाड्यात कायम पेन्सिल खोचलेली. चेकरने तिला मनात पेन्सिलवाली असं नाव ठेवलं. तास संपल्यावर दोघी थोडा वेळ बोलत.

एकदा पेन्सिलवाली म्हणाली, "काल जिन्यात तू मला बघून न बघितल्यासारखं केलंस. रागावलीस का?"

"मी घरी आहे अगं. माझ्या मागे आईचं मशीन दिसतंय ना? ते आमचं घर."

पेन्सिलवाली पडद्याजवळ येऊन नीट बघू लागली. "मग तीनशे बारामध्ये कोण आहे? तोंडावर मास्क असतो, बोलत नाही कुणाशी, पण मला वाटलं तूच. आणि एवढ्या गारठ्यात दार नुसतं लोटून ठेवते. मी म्हटलंसुद्धा, कडी लावून घे बाई. तर म्हणाली, अजून यायचंय."

"कोण यायचंय?"

"ते नाही सांगितलं."

चेकरचं कुतूहल आता जागं झालं होतं. भीती वाटायला हवी होती हे तिलाही कळत होतं, पण एखाद्या नकाशाच्या पाठीमागे दुसरंच काही लिहिलेलं सापडावं तसं तिला झालं होतं. तिने ठरवलं, की कुणीतरी मुलगी वसतिगृहात जागा न मिळाल्यामुळे आपल्या नावावर राहते आहे. गरजू असेल बिचारी. पुढच्या तासाला प्रयोगशाळेतला कॅमेरा टेबलावरून फिरत असताना मागून एक जण गेली. पानापानांचा मास्क. डाव्या कानाशी बंदाला गाठ. चेकरने तो तास साठवून ठेवला आणि ती दोन सेकंदं पंधरा वेळा बघितली. गाठ होतीच. ज्याचे दोन्ही कान सरळ आहेत, त्याला तो मास्क एका बाजूला ओढल्यासारखा व्हायला हवा. तो तिला चपखल बसला होता.

४

दर रविवारी चार चाळीसला एक रिंग येऊ लागली. आई दर रविवारी उलट रिंग देई.

"कशाला देतेस?" चेकर म्हणाली. "माझा फोन कुणीतरी ढापलाय, आणि तू त्याला खुशाली कळवतेस."

"रिंग आली तर उलट द्यायची नाही होय?" आईने दोरा दातांनी तोडला. "कुणी का असेना. पलीकडे फोन हातात धरून बसलं असेल ना ते."

चेकरने वाद सोडून दिला. पण चौथ्या रविवारी ती साडेचारपासूनच फोन मुठीत धरून बसली. वाजताक्षणी तिने तो उचलला. पंचवीस वर्षांत त्या घरात पोहोचल्याची रिंग पहिल्यांदाच कुणी उचलत होतं. आई मशीन थांबवून बघत राहिली.

आधी नुसती खोली ऐकू आली. लांब कुठेतरी नळ गळत होता. कागदावर कोरडा ब्रश फिरल्याचा आवाज होता, सावकाश, एकाच दिशेने. तो थांबला. कुणीतरी श्वास घेतला, आणि चेकरला चेकरचाच आवाज म्हणाला, "उचललास कशाला? उचलायचा नसतो ना."

दटावणी नव्हती त्या आवाजात, रागही नव्हता. घरातल्या घरात चुकलेल्या माणसाला सांगतात तसं सांगितलं होतं. फोन बंद झाला.

"कोण होतं?" आईने विचारलं.

"कुणी नाही. राँग नंबर."

तिने दोन दिवस त्याचा विचार केला. आवाजाचं एक सोडा, फोनवर सगळ्या मुली सारख्याच वाटतात. पण उचलायचा नसतो हा नियम तिने कुठे लिहून ठेवला नव्हता. ट्रंकेतल्या वह्यांत नाही, पत्रांत नाही. तो तीन माणसांच्या डोक्यात होता, आणि ती तिन्ही माणसं एका छताखाली बसून होती.

५

मग परीक्षकांचा अभिप्राय आला. सत्राच्या मध्यावर प्रत्येकाने एक फाटका नकाशा दुरुस्त करून द्यायचा होता. घरून शिकणाऱ्यांना त्यातून सूट होती. तरी चेकरला गुण मिळाले होते, चांगले मिळाले होते, आणि खाली शेरा होता: काम नेटकं आहे, फक्त पट्टीचं टोक शेवटी नखाने दाबू नये. सोबत फोटो होता.

फाटलेल्या जागेवर पातळ कागदाची पट्टी खळीने चिकटवलेली. चेकरने फोटो मोठा केला. पट्टीच्या डाव्या टोकाला अंगठ्याच्या नखाची बारीक कोर उमटली होती. ती जिथे हे काम पहिल्यांदा शिकली त्या ग्रंथालयातले बाइंडरकाका याच खुणेवरून तिला ओरडायचे. "तुझं काम मी डोळे झाकून ओळखीन," ते म्हणायचे, "आणि ते काही कौतुक नाही." ती डावखुरी होती आणि घाईची होती, आणि ती खोड तिला आजवर सोडता आली नव्हती.

त्या दिवशी तिला पहिल्यांदा वाईट वाटलं. घाबरण्यापेक्षाही वाईट. ज्या कामासाठी तिने तीन वर्षं अर्ज केले, तो नकाशा तिच्याच हाताने दुरुस्त झाला होता, आणि ती तिथे नव्हती.

घरातही काहीतरी सैल होत चाललं होतं. नेमकं काय, ते तिला बोटावर धरता येत नव्हतं. शेजारच्या काकू एकदा लांबूनच विचारत्या झाल्या, "मुलगी पोहोचली का हो नीट?" आणि आईने हात हलवून सांगितलं, "हो, पोहोचली, बरी आहे." चेकर आईच्या शेजारीच उभी होती, तोंडाला मास्क लावून. काकूंना वाटलं असेल, शिवण टाकायला आलेली कुणी बाई. चेकरने घरात आल्यावर विचारलं तेव्हा आई म्हणाली, "अगं, सगळं रामायण कुठे सांगत बसू दारातून."

हे पटण्यासारखं होतं. दोन दिवसांनी आईने जेवायला दोनच ताटं घेतली. चेकरने उठून स्वतःचं घेतलं. आईने ते बघितलं आणि एकदम ओशाळली. "डोकं ठिकाणावर नाही माझं," ती म्हणाली, आणि तिला जरा जास्तच वाढलं. पण त्यानंतरच्या आठवड्यात पुन्हा दोनच ताटं होती. या वेळी आई ओशाळली नाही. तिच्या लक्षातच आलं नाही.

बाबांच्या लक्षात आलं. ते उठले, फडताळातून तिसरं ताट काढलं, पुसलं आणि चेकरसमोर ठेवलं.

६

सीमा उघडल्या. दुसऱ्या सत्राच्या पहिल्या तारखेला स्वतः हजर राहून सही करायची, नाहीतर जागा प्रतीक्षा यादीतल्या माणसाला जाणार, असं विद्यापीठाने सगळ्यांना कळवलं. चेकरने प्रवेशाच्या परवानगीसाठी नवं पत्र मागितलं. उत्तरात कार्यालयातल्या माणसाने नम्रपणे विचारलं होतं, की आपण गेले पाच महिने इथेच राहता आहात, हजेरी पूर्ण आहे, मग येण्याची परवानगी कशासाठी?

चेकर तासभर त्या ओळीकडे बघत बसली. तिच्या डोळ्यांसमोर ती तारीख आली. टेबलावर वही, आणि पानापानांचा मास्क लावलेली कुणीतरी डाव्या हाताने सही करते आहे. नंतर ती जागा कायमची तिची. आणि इथे आई दोन ताटं घेते आहे. तिला कळून चुकलं, की ती जर आता गेली नाही, तर तिची अशी कुठलीच जागा उरणार नाही.

तिने हार मानली नाही. जुनं पत्र, रद्द झालेलं तिकीट, घरच्या वीजबिलासकट सगळे कागद जोडून पाठवले. कागदांचं शास्त्र काही फुकट जात नाही. पाच दिवसांत परवानगी आली.

निघायच्या सकाळी आई मशीनवर होती. शंभर मास्कची मागणी पुरी करायची होती. चेकर वाकून पाया पडली तेव्हा आईने तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण नजर सुईवरच.

"नीट जा," ती म्हणाली. कपडे घेऊन निघालेल्या गिऱ्हाइकालाही ती असंच म्हणायची.

"आई, मी रिंग देईन. पोहोचल्यावर. माझ्या या फोनवरून."

"हो हो."

 ती बॅग उचलून बाहेर आली. मागे आईने कडी लावल्याचं ऐकू आलं नाही, एवढंच तिला बरं वाटलं.

बाबांनी मित्राची गाडी मागून घेतली होती. रिकाम्या रस्त्यावरून ते बस चालवावी तशी सांभाळून चालवत होते. विमानतळाच्या दारात आत फक्त प्रवाशांनाच सोडत होते.

"जाऊ नकोस म्हणणार होतो," बाबा म्हणाले. "पण जाऊन ये. बघून ये काय आहे ते. तू बघितल्याशिवाय राहणार आहेस थोडीच."

"बाबा, आई मला विसरते आहे का?"

बाबांनी स्टिअरिंगवरचा हात काढला नाही. "ती विसरत नाहीये गं. ती निर्धास्त झालीये. पोहोचल्याची रिंग आली ना तिला. एकदा रिंग आली की ती झोपते, हे मी पंचवीस वर्षं बघतोय."

७

विमानात एक सोडून एक जागा रिकामी होती. सगळ्यांची तोंडं झाकलेली, सगळ्यांचे डोळे एकमेकांवर. कुणी खोकलं की अख्खी रांग अंग चोरून घ्यायची.

उतरल्यावर काचेमागच्या तपासणी अधिकाऱ्याने तिचं पारपत्र यंत्रावर ठेवलं आणि पडदा बघत राहिला. मग तिच्याकडे बघितलं. तिला मास्क खाली करायला लावला. पुन्हा पडदा बघितला.

"तुम्ही आत आहात," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"पाच महिन्यांपूर्वी आत आलात. बाहेर गेल्याची नोंद नाही."

"मी आलेच नव्हते. उड्डाण रद्द झालं होतं. हे तिकीट बघा ना."

त्याने तिकीट बघितलं, कुणाला तरी फोन केला, ऐकून घेतलं आणि ठेवला. "दोनदा नोंदलेली माणसं या साथीत रोज बघतोय," तो म्हणाला. "खरीच दोनदा आलेली अजून एकही बघितली नाही. जा." आणि त्याने शिक्का मारला.

मग दहा दिवस एका हॉटेलात विलगीकरण. जेवण दाराबाहेर ठेवून जात, दारावर टकटक करत, आणि पावलं लांब गेली की दार उघडायचं. हा मधला थांबा होता, म्हणून तिने रिंग दिली नाही. बाबांना रोज मेसेज पाठवला. ते रोज उत्तर देत. आईचं काही आलं नाही. रविवारी घरच्या वेळेने चार चाळीसला चेकर पलंगावर बसून हातातल्या फोनकडे बघत राहिली. तो शांत होता. आत्ता घरी रिंग वाजली असेल, तिला वाटलं, आणि आईने उलट दिली असेल. तिला मत्सर वाटला. कुणाचा, हे स्वतःशी बोलायलाही ती धजावली नाही.

८

वसतिगृहात ती दुपारी पोहोचली, साडेचारच्या सुमारास. जुनी, दगडी पायऱ्यांची इमारत. व्यवस्थापक बाई काचेआड बसल्या होत्या. चेकरने नाव सांगितल्यावर त्यांनी मानसुद्धा वर केली नाही.

"किल्ली तुमच्याकडेच आहे."

"माझ्याकडे नाही."

"मग दार उघडंच असेल. ते काय, नेहमीच उघडं असतं. मीच चारदा बोलले तुम्हाला."

तिसऱ्या मजल्याच्या बोळात खिडकीतून भरपूर ऊन येत होतं. कुठल्याशा खोलीत नळ गळत होता. तीनशे दहा, तीनशे अकरा. चेकरचे पाय थांबत नव्हते. एवढ्या महिन्यांत तिला झोपेतही दिसलेली ती खोली आता चार पावलांवर होती, आणि आत काय आहे हे बघितल्याशिवाय परत फिरणं तिच्या रक्तात नव्हतं.

तीनशे बाराचं दार नुसतं लोटलेलं होतं. वीतभर फट होती.

फटीतून टेबलाची कड दिसत होती. टेबलापलीकडे दोरीवर पानापानांचे मास्क वाळत होते. तिने मोजले. अकरा. टेबलावर एक नकाशा पसरला होता आणि त्यावर डावा हात होता. मनगटापर्यंतच दिसत होता तो. ओली पट्टी कागदावर बसवत होता, उजवीकडून डावीकडे, जरा घाईने. टोकाला पोहोचल्यावर अंगठा आडवा झाला आणि नखाने पट्टी दाबली.

चेकर एक पाऊल मागे सरकली. दार ढकलायला एक बोट पुरलं असतं. पण आत जाऊन काय म्हणणार? ही खोली माझी? तो हात तिला म्हणेल, माझी. आणि मग ठरवणार कोण?

तेव्हा तिला सुचलं. ठरवणारं माणूस एकच होतं, आणि ते मशीनवर बसलेलं होतं. तिने बॅग खाली टेकवली. पोटनियम पाळला. आपल्या फोनवरून घरी एक रिंग दिली आणि बंद केली. आता आईची उलट रिंग या हातातल्या फोनवर आली की झालं. मग आत कोणी का असेना. दार ढकलायचं आणि विचारायचं, तू कोण गं?

तिने फोन दोन्ही हातांनी धरला. आतला ब्रशही थांबला होता. आत आणि बाहेर, दोन्हीकडे कुणीतरी कान देऊन उभं होतं.

रिंग आली. एकच.

आतल्या टेबलावर आली. जुन्या हँडसेटची ती धून चेकरला पाठ होती. तिच्या हातातला फोन काळा आणि गप्प होता. ती त्याला हलवून बघत राहिली. आईच्या बोटांना तोच नंबर सवयीचा झाला असेल, तिने स्वतःला सांगितलं, इतके रविवार तोच दाबलाय, बाकी काही नाही. आत खुर्ची सरकली. अनवाणी पावलं दाराशी आली. फटीत क्षणभर एक कान दिसला, डावा, किंचित खाली असलेला.

"चला," आतून चेकरचाच आवाज म्हणाला, दिवसभराचं काम संपल्यासारखा, "सगळे पोहोचले."

दार बंद झालं आणि कडी लागली.

हा आवाज चेकरने आयुष्यभर रोज ऐकला होता, पण नेहमी आतून. बाहेर उभं राहिलं की तो कसा येतो, हे तिला माहीत नव्हतं.